पाळकाचा बंगला, आता आमचे घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅम्प आणि पेठा यांच्या शिवेवर असलेले आमचे घर मुळात एका मिशनने आपल्या पाळकांसाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूंसाठी, बांधलेला बंगला आहे. स्थापत्याचे विद्यार्थी, जुनी घरे सांभाळणारी कुटुंबे आणि रस्त्याने जाता जाता फाटकाशी थबकणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी वास्तुविशारद नाही. जे कळले ते या घरात राहून, गवंडी आणि सुतार यांच्या मागे उभे राहून आणि काही चुका पदरचे पैसे घालून निस्तरून कळले आहे.

१. पाळकाचा बंगला म्हणजे नेमके काय? तो चर्चचाच भाग असतो का?

नाही. चर्च ही उपासनेची वास्तू आणि पाळकाचा बंगला हे राहण्याचे घर; मात्र ते घर माणसाला नव्हे, तर पदाला दिलेले असते. पाळकाची बदली झाली की कुटुंब सामान बांधून निघते आणि त्याच खोल्यांत नवे कुटुंब येते. पुण्यात अशा घरांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. लष्करी छावणीसाठी नेमलेल्या चॅप्लेनचे, म्हणजे सैन्याच्या धर्मगुरूंचे, बंगले हा पहिला. कॅम्पातील सेंट मेरीज चर्चचा प्रतिष्ठापना विधी बिशप हेबर यांनी १८२५ साली केला, त्या काळापासूनची ही परंपरा आहे. स्थानिक लोकांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांचे आणि पुढे मराठी पाळकांचे बंगले हा दुसरा प्रकार, आणि आमचे घर त्यातले. तिसरा प्रकार कॅथलिक धर्मगुरूंच्या निवासांचा. तेथे कुटुंब नसल्याने एका रांगेत खोल्या आणि सर्वांना मिळून एक भोजनगृह अशी रचना असते. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन हा यातला अपवाद म्हणावा लागेल, कारण तेथील पवित्र नाम देवालय अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, असूनही ते उभारणारे काउली फादर या संघाचे धर्मगुरू अविवाहित राहण्याचे व्रत घेतलेले होते.

२. हे घर तुमच्याकडे कसे आले?

१९५० च्या दशकात मिशनचे काम आटोपत आले, तेव्हा माझ्या आजोबांनी ते रीतसर परवानगीने विकत घेतले. त्या परवानगीचा अर्थ प्रश्न १४ मध्ये सांगितला आहे.

३. बाहेरून तो कॅम्पातल्या कोणत्याही बंगल्यासारखाच दिसतो. मग पाळकाचे घर ओळखायचे कसे?

पुष्कळ जण टोकदार कमान शोधतात आणि तेथेच फसतात. टोकदार कमानी, छपराच्या कडेची नक्षीदार लाकडी झालर आणि रंगीत काचा ही त्या काळाची सार्वत्रिक हौस होती. ती कर्नलच्या बंगल्यातही सापडते आणि पारशी व्यापाऱ्याच्याही. खरी खूण दारांत असते. पाळकाच्या घराला दर्शनी बाजूस दोन दारे असतात : एक कुटुंबाचे आणि दुसरे व्हरांड्यातून थेट अभ्यासिकेत उघडणारे. लग्नाची नोंद करायला, शिफारसपत्र मागायला किंवा घरातले भांडण सोडवून घ्यायला आलेल्या माणसाला दिवाणखान्यातून, म्हणजे पाळकाच्या बायकामुलांमधून, जावे लागू नये यासाठी ही योजना असे.

वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडे सदर आणि माजघर यांची विभागणी याच हेतूने होते. फरक इतकाच की वाड्यात माणूस आधी चौक ओलांडतो, मग सदरेवर येतो आणि माजघर त्याच्याही आत राहते. बंगल्यात चौक नाही. त्यामुळे सदर आणि माजघर एकमेकांच्या शेजारी, एकाच व्हरांड्याला लागून बसवावी लागली. या घराच्या बहुतेक खाणाखुणा, आणि आमच्या बहुतेक अडचणी, त्या एका सांध्यावर आहेत.

आणखी दोन खुणा सांगण्याजोग्या आहेत. अभ्यासिकेच्या दाराबाहेर भिंतीत बसवलेला दगडी बाक असतो, वाट पाहणाऱ्यांसाठी. आणि कुटुंबाच्या गरजेच्या मानाने दिवाणखाना फारच मोठा असतो, कारण आठवड्याची प्रार्थनासभा तेथे भरे.

४. घराचा आराखडा थोडक्यात सांगाल का?

जोते तीन फूट उंच. पुढे आणि पश्चिमेला दहा फूट रुंद व्हरांडा. मधोमध तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद दिवाणखाना, त्याच्या मागे जेवणघर, डावीकडे दोन निजण्याच्या खोल्या आणि उजवीकडे पुढच्या कोपऱ्यात अभ्यासिका. स्वयंपाकघर मुख्य घराला जोडलेले नाही. धूर, आगीची भीती आणि गडीमाणसांची वर्दळ या तिन्ही गोष्टी लांब ठेवण्यासाठी ते मागच्या अंगणात स्वतंत्र बांधलेले असून, पावसात भिजू नये म्हणून मध्ये कौलारू वाट आहे. आजीने पहिल्याच वर्षी जेवणघराचे स्वयंपाकघर केले. ताटातली पोळी चाळीस पावले चालून यावी हे तिला मान्य नव्हते, आणि तिचे बरोबर होते.

५. मागच्या न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार कशासाठी आहे?

प्रश्न ३ मध्ये मी दोन दारे म्हटले, हे तिसरे. घरात गटाराची सोय येण्याआधी मैला उचलून नेणाऱ्या सफाई कामगाराने घरात पाऊल न टाकता बाहेरच्या बाहेर काम करून जावे, यासाठी ते होते. हे दार कॅम्पातल्या जवळपास सर्व जुन्या बंगल्यांत आढळते आणि पाळकाचे घर त्याला अपवाद नव्हते. सर्व माणसे एका देवाची लेकरे आहेत असे दिवाणखान्यात शिकवले जात असताना मागची भिंत अशी बांधली जात होती, ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. आम्ही ते दार बुजवलेले नाही. आज ते बंद असते, पण चौकट, उंबरा आणि बाहेरच्या तीन पायऱ्या तशाच आहेत.

६. भिंती कशाच्या आहेत?

काळ्या दगडाच्या, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टच्या, चुन्यात बांधलेल्या. भिंतीची जाडी दोन फूट. बाहेरचा थर घडीव दगडाचा, आतला ओबडधोबड डबराचा, मधली पोकळी चुना आणि बारीक दगडांनी भरलेली, आणि दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. कमानी मात्र विटांच्या आहेत, कारण काळा दगड कमानीच्या आकारात घडवणे वेळखाऊ आणि महाग. चुना बैलाने फिरवायच्या दगडी घाण्यात रेतीसोबत मळला जाई. आमच्या आवारात घाण्याचे दगडी चाक अजून पडून आहे आणि आलेल्या प्रत्येक लहान मुलाला त्यावर चढायचे असते. वरचे छप्पर सागवानी कैच्यांचे, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांचे, त्यावर वासे, रिपा आणि मंगलोरी कौले.

७. कौलावर १८६५ असा आकडा आहे. म्हणजे घर १८६५ सालचे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. तो आकडा कौलाच्या वयाचा नाही, कारखान्याच्या स्थापनेचा आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर कित्येक दशके निघालेल्या कौलांवर तोच आकडा उमटत राहिला. शिवाय कौले बदलली जातात. १८६५ च्या कौलावरून फार तर इतके म्हणता येते की ते कौल त्या सालाआधीचे नाही. त्याआधीची घरे नळीच्या देशी कौलांनी किंवा गवताने शाकारलेली असत आणि पुढे त्यांच्यावर मंगलोरी कौले चढली. म्हणून नव्या कौलांखाली जुने घर असू शकते.

वय ठरवायचे असल्यास एका पुराव्यावर विसंबू नये. लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे जुने, तारेचे गोल खिळे नंतरचे. लोखंडी तुळई असेल तर तिच्यावर डॉर्मन लाँगसारख्या विलायती कारखान्याचे नाव उठवलेले आहे का ते पाहावे. तशी तुळई असलेला भाग बहुधा १९ व्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा असतो. आमच्या घरात पुढच्या भागात चौकोनी खिळे आहेत आणि मागच्या व्हरांड्यात तुळया, म्हणजे घर किमान दोन वेळा बांधले गेले आहे. कागदपत्रांविषयी प्रश्न १६ पाहा.

८. इंग्लंडमधील क्लर्जी हाउसची, म्हणजे तिकडच्या पाळकाच्या घराची, ही नक्कल आहे का?

कल्पना तिकडची आहे, घर इकडचे आहे. तिकडच्या घराने थंडी अडवायची असते, म्हणून खोल्या बुटक्या, प्रत्येक खोलीत शेकोटी आणि धुराडे, सूर्य आत यावा अशी खिडकी. येथे सूर्यालाच अडवायचे असल्याने सगळे उलटे झाले. टिकले ते फक्त दारापाशी असलेल्या अभ्यासिकेचे तत्त्व.

या विषयाची आवड असणाऱ्यांनी ससेक्समधील ऑल्फ्रिस्टन येथील क्लर्जी हाउसविषयी जरूर वाचावे. चौदाव्या शतकातील हे लाकडी सांगाड्याचे, गवताने शाकारलेले घर पडायला आले असताना जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने १८९६ साली अवघ्या १० पौंडांना घेतले आणि ती त्या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत ठरली. तेथील जमीन खडूची भुकटी ठोकून आणि तीवर आंबलेले दूध चोपडून घट्ट केलेली आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या आणि चुन्यात गूळ व बेलफळ घालणाऱ्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये. साहेबालाही एके काळी घर स्वयंपाकघरातल्या जिन्नसांनीच बांधावे लागत होते.

९. असे घर उन्हाळ्यात खरेच थंड राहते का?

दिवसा राहते, रात्री तितकेसे नाही. जाड दगडी भिंत दुपारचे ऊन हळूहळू पिते आणि संध्याकाळनंतर तेच आत सोडू लागते. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत दारे, खिडक्या आणि झिलमिली, म्हणजे खिडक्यांच्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, बंद करायच्या आणि सूर्य मावळल्यावर सगळे उघडायचे, ही शिस्त पाळावी लागते. सोळा फूट उंचीवरचे झरोके मात्र कायम उघडे हवेत, कारण वर चढलेली गरम हवा तेथूनच जाते. वातानुकूलनासाठी झरोके बुजवून खोटे छत घालणाऱ्यांनी नंतर वाळवीची तक्रार करू नये.

१०. पावसाळ्यात गळते का?

दरवर्षी, कुठे ना कुठे. पुण्याचा पाऊस वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर म्हणजे बेताचाच, परंतु तो पश्चिमेकडून वाऱ्यासोबत तिरपा येतो. पश्चिमेचा व्हरांडा खोल आहे तो यासाठी. मृग लागण्याआधी घर शाकारणे, म्हणजे कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणे, याला पर्याय नाही. गळती बहुतेक वेळा कौलातून नसते. छपराच्या दोन उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, जेथे आत वळून मिळतात त्या पन्हळीत पाला साठतो आणि पाणी उलटे चढते. चिंचेचे झाड छपरावर वाकलेले असेल तर ही पन्हळ दर रविवारी साफ करावी लागते.

११. दगडांच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या तर काय बिघडते? आमचा ठेकेदार म्हणतो की चुना आता कोणी वापरत नाही.

आमचाही म्हणाला होता. पश्चिमेच्या भिंतीची ओल थांबावी म्हणून त्याने बाहेरून सिमेंटने दर्जा भरल्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केला. पहिले वर्ष भिंत कोरडीठाक दिसली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या रंगाला फोड आले, क्षाराचे पांढरे शेंडे फुटले आणि ओल पूर्वी जोत्यापासून दोन फुटांवर थांबत होती ती पाच फुटांवर गेली.

कारण समजून घेतले तर पुढचा खर्च वाचतो. काळा दगड स्वतः फारसे पाणी शोषत नाही. भिंतीत शिरलेले पाणी बाहेर पडते ते दगडांमधल्या दर्जांतून, कारण चुना सच्छिद्र असतो. त्याच वाटा सिमेंटने बंद केल्या की पाणी आत कोंडते, वर चढते आणि सोबत क्षार नेते. शिवाय सिमेंट ताठ असते. भिंत उन्हाने किंचित हलली की ते दगडाची कड सोडते आणि त्या केसाएवढ्या फटीतून आणखी पाणी आत जाते. चुना अशा हालचालीला मऊपणे साथ देतो.

उपाय कंटाळवाणा आहे. सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचे, यंत्राने नव्हे, कारण यंत्राच्या हादऱ्याने घडीव दगडाच्या कडा उडतात. भिंत एक संपूर्ण उन्हाळा उघडी ठेवून वाळू द्यायची. चुनकळी विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरवायची आणि मगच मळायची. भरलेल्या दर्जा पोत्याने झाकून ओल्या ठेवायच्या, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि आधीच सुकला तर भुगा होतो. हे काम दिवाळीनंतर काढावे. चुना कोणी वापरत नाही हे खरे नाही. वापरणारे गवंडी थोडे आहेत आणि त्यांना आगाऊ सांगावे लागते.

१२. अभ्यासिकेची भिंत पाडून दिवाणखाना मोठा का केला नाही?

एकदा करणार होतो. दोन गोष्टींनी थांबवले. पहिली गोष्ट रचनेची : ती भिंत छपराची एक कैची पेलते, म्हणजे तिच्याजागी लोखंडी तुळई आणि तिला खाली खांब आलेच. दुसरी उपयोगाची. वडील वकील होते आणि त्यांचे अशील त्याच दाराने येत, त्याच बाकावर बसत. आता तेथे माझी मुलगी शिकवणी घेते. घराबाहेरच्या माणसाला घरात न घेता घरी भेटता येणे ही सोय पाळकाला लागत होती तितकीच वकिलाला आणि शिक्षिकेला लागते, आणि आजच्या सदनिकांत ती कुठेही मिळत नाही. असे घर घेणाऱ्याने बाकी काहीही बदलावे, पण हे दुसरे दार दोन वर्षे वापरून पाहिल्याशिवाय बुजवू नये.

१३. दर्शनी त्रिकोणी भिंतीत क्रॉस आहे. आम्ही ख्रिस्ती नाही; तो ठेवावा का? आणि घर पवित्र मानले जाते का?

प्रतिष्ठापना विधी चर्चचा होतो, पाळकाच्या घराचा नाही. घराला फार तर आशीर्वाद दिलेला असतो, त्यामुळे त्यात कुणीही राहण्यास धार्मिक अडसर नाही. क्रॉसविषयी सांगायचे तर आमच्या भिंतीतला क्रॉस म्हणजे दगडात कापलेला झरोका आहे आणि माळ्यावरची कोंडलेली हवा त्यातून जाते. तो बुजवला असता तर कैच्या कुजल्या असत्या. आमचे देवघर मागच्या खोलीत आहे, अंगणात तुळस आहे आणि पुढे क्रॉस आहे. सत्तर वर्षांत कुणाचे कुणाशी वाजलेले नाही. क्रॉस निव्वळ वर बसवलेला, सुटा असेल तर तो फेकू नये, जवळच्या चर्चला विचारून सुपूर्द करावा.

१४. असे घर विकत घेता येते का?

घेता येते, पण पैशांची बोलणी करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मालक कोण. चर्चची किंवा मिशनची मालमत्ता सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. घर किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायलाही तीच परवानगी लागते. विश्वस्तांपैकी एकट्यादुकट्याची सही घेऊन इसार देणारे लोक पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

दुसरी, जमीन कोणत्या हद्दीत. कॅन्टोन्मेंटमधील अनेक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीचे आहेत. त्यांत जमीन सरकारची राहते, धारकाची असते ती फक्त वरची इमारत, आणि बांधकामाचा मोबदला देऊन जमीन परत घेण्याचा हक्क सरकारकडे असतो. असा बंगला घेणारा जागा घेत नसून भिंती आणि छप्पर घेत असतो. यासाठी संरक्षण संपदा खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमधील नोंद पाहावी. महापालिका हद्दीत नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक पाहावे. वकील मात्र या विषयातलाच हवा.

१५. वारसा यादीत नाव असले की खिळाही ठोकता येत नाही, हे खरे का?

नाही. यादीत तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसरीत आतले बदल छाननीनंतर करता येतात, तिसरीत त्याहून मोकळीक असते. शाकारणी, रंग आणि मूळ पद्धतीची डागडुजी यांना कोणी अडवत नाही. तरीही कामाआधीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

१६. मूळ नकाशे आणि नोंदी कुठे शोधाव्यात?

प्रश्न १४ मधील नोंदींपासून सुरुवात करावी, कारण त्यांत जुन्या इमारतीची बाह्यरेषा तरी मिळते. मिशन कोणत्या देशाचे होते हे कळले की पुढचा माग लागतो. स्कॉटिश मिशनांची पुष्कळ कागदपत्रे एडिनबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्यांतून त्या त्या वर्षी पाळक कोण होते ते कळते, घर कसे होते ते नाही. मुंबई इलाख्यातील अशा नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

१७. दोन भावांत वाटणी झाली तर असे घर विभागता येते का? दारे तर दोन आहेतच.

कागदावर ते सोपे दिसते : अभ्यासिकेची बाजू एकाला, दिवाणखान्याची दुसऱ्याला. प्रत्यक्षात दोन दारे असली तरी घर एकाच आढ्याखाली आहे. मधल्या पन्हळीत दोन्ही बाजूंचे पाणी उतरते, त्यामुळे एका भावाने मृगाआधी आपली बाजू शाकारली नाही तर दुसऱ्याच्या खोलीत पातेली मांडावी लागतात. प्रश्न १२ मधील कैची पेलणारी भिंत दोघांच्या मध्ये येते आणि तिला हात लावायला दोघांची संमती लागते. शिवाय न्हाणीघरे एकाच बाजूला आहेत. माझे काका आणि वडील यांनी खोल्या वाटून घेतल्या, पण छप्पर, पन्हळी आणि जोते सामाईक ठेवून शाकारणीचा खर्च निम्मा निम्मा करण्याचे करारपत्र केले. त्या करारात पन्हळ साफ करण्याचे रविवारही वाटून दिलेले आहेत आणि सम तारखेचा रविवार आजही काकांच्या घराकडे आहे.